'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे! एका इंग्रजी क्रियापदाचे शेकडो अर्थ

शाळेत 'रन म्हणजे धावणे' एवढं पाठ केलं की काम झालं, असं वाटतं. पण ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी २०११ च्या सुमारास मोजदाद केली, तेव्हा या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. यंत्रं आली, पुढे कॉम्प्युटर आला आणि 'रन'ची कामं वाढत गेली.

मराठीत ही कामं वेगवेगळ्या शब्दांत वाटली जातात :

• माणूस – धावतो
• मशीन, दुकान – चालतं
• संस्था, हॉटेल – चालवतात
• नळ, नाक – वाहतं
• कपड्याचा रंग – जातो
• बातमी – छापून येते

निवडणुकीची गंमत वेगळी. अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये 'स्टँड'. आपल्याकडेही तो उभाच राहतो!

पुढचा छोटा शब्द बघा

'रन आउट' क्रिकेटमध्ये धावबाद. पण दुकानदार 'रन आउट' म्हणाला तर माल संपला. 'रन इनटू' म्हणजे अचानक गाठ पडणं किंवा जाऊन आदळणं. 'रन ओव्हर' म्हणजे गाडीखाली चिरडणं.

कागदपत्रांत जपून

सीमाभागात मराठी माणसाच्या हाती येणारा कागद अनेकदा इंग्रजीत असतो. भाडेकरारात 'लीज रन्स फॉर इलेव्हन मंथ्स' असेल, तर कराराची मुदत अकरा महिने. कर्जाच्या कागदावर एखाद्या तारखेपासून 'इंटरेस्ट रन्स' लिहिलं असेल, तर त्या दिवसापासून व्याज चढायला लागतं. हप्ता नंतर सुरू होणार असला तरी. ही तारीख सहीआधी विचारून घ्या.

इंग्रजी धावते, आपण चालतो

इंग्रजीत जे धावतं, ते आपल्या भाषांत बहुतेकदा चालतं. इंदूरचा 'चलेगा', वडोदऱ्याचा 'चालशे' आणि आपलं 'चालेल' एकाच चालीचे. कन्नडातही 'नडे' म्हणजे चालणे आणि 'नडेसु' म्हणजे चालवणे. कार्यक्रम असो की संस्था.

म्हणून 'रन' दिसला की आधी बघायचं : धावतंय कोण? माणूस, मशीन, पाणी की व्याज? अर्थ तिथेच सापडतो.