एका स्क्रूचा शोध

आपल्या क्वीन्सटाउनला १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकावरून नाव मिळालं. त्या काळात इंग्लंडातल्या बिस्लीच्या मैदानावर नेमबाज लष्करी ली-एनफील्ड नंबर ४ घेऊन उतरत. मूळ साइट स्पर्धेला अपुरी, म्हणून बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलची साइट लावत. गंमत म्हणजे नवं भोक लागत नसे. जुन्या साइटची पिन काढायची, तिच्याच भोकात ही बसवायची.

आज साइट मिळते, स्क्रू हरवलेला असतो. एनफील्डचे आटे वेगळे, दुकानातला मेट्रिक स्क्रू बसत नाही. मग काही जण सरळ ड्रिल चालवतात. मला ते अजिबात पटत नाही; बंदुकीचं मूळ रूप कायमचं जातं. आपल्या खडकीची जुनी .३०३ काडतुसं बुडावरच्या ‘केएफ’ शिक्क्यावरून ओळखतात. पार्ट घेतानाही आधी शिक्का बघावा.