भरीवपणाचे गणित

यंत्राच्या सुट्या भागाचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे रूप कागदावर उतरवण्याच्या पद्धतीला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत गास्पार मोंज या गणितज्ञाने शास्त्रीय पाया दिला. या पद्धतीत वस्तूचा पूर्ण आकार कागदावर कधीच नसतो. निरनिराळे प्रक्षेप एकत्र वाचून तो जुळवण्याचे काम ड्रॉइंग हाती घेणाऱ्या कारागिराला करावे लागते. संगणकाला असे वाचन येत नसल्यामुळे पडद्यावर रेषा उमटवणे लवकर साधले, परंतु त्या रेषांच्या आत द्रव्य आहे की पोकळी, हे यंत्राला सांगण्याची रीत सापडण्यास आणखी दशकभर लागले.

आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला सादर केलेल्या प्रबंधातील स्केचपॅड या प्रणालीत लाइट पेनने पडद्यावर आकृती काढता येत असे, आणि दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा त्यांची लांबी समान असावी, अशी बंधनेही घालता येत. त्यानंतरच्या प्रणालींनी तिसरी मिती आणली, ती मात्र केवळ कडांच्या रूपाने. वस्तूचे शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा एवढेच साठवणाऱ्या या प्रतिमानाला वायरफ्रेम, म्हणजे तारांचा सांगाडा, म्हणतात. त्याची उणीव एका उदाहरणावरून स्पष्ट होते. एका घनाच्या मधोमध लहान घन काढून दोहोंचे समोरासमोरील शिरोबिंदू जोडले, तर 16 शिरोबिंदू आणि 32 कडा मिळतात. पण हा सांगाडा दोन्ही तोंडांकडे रुंदावत जाणारे आरपार भोक असलेल्या ठोकळ्याचा आहे असे मानले, तर ते भोक उभे, आडवे की पुढून मागे गेलेले, हे त्यावरून ठरवता येत नाही. तिन्ही ठोकळ्यांच्या कडा तंतोतंत त्याच असतात.

या कोड्याची दोन उत्तरे 1970च्या दशकात जवळपास एकाच वेळी पुढे आली. जपानमधील होक्काइदो विद्यापीठात नोरिओ ओकिनो यांनी टिप्स आणि केंब्रिज विद्यापीठात इअन ब्रेड यांनी बिल्ड ही प्रणाली तयार केली. पहिल्या मार्गात ठोकळा, दंडगोल अशा मूळ घनांवर संयोग, छेद आणि वजाबाकी या संचक्रिया करून वस्तू घडवली जाते. दंडगोल ठोकळ्यातून वजा केला की भोक तयार होते. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर आणि अरिस्टिडीस रेकिचा यांनी या मार्गाला काटेकोर सिद्धांताची जोड दिली. एकमेकांना नुसते चिकटलेले दोन ठोकळे घेतले, तर त्यांचा छेद जाडी नसलेला एक पापुद्रा येतो, आणि असा पापुद्रा कोणत्याही कारखान्यात बनवता येत नाही. म्हणून उत्तरातून असे भाग काढून टाकणाऱ्या संचक्रियांची व्याख्या त्यांनी केली.

केंब्रिजच्या मार्गात वस्तूची सीमा साठवली जाते: कोणते पृष्ठ कोणत्या कडांनी वेढलेले आहे, प्रत्येक कडेला कोणती दोन पृष्ठे भिडतात आणि द्रव्य कोणत्या बाजूला आहे. ही नोंद सुसंगत आहे की नाही हे तपासण्यासाठी अठराव्या शतकातील ऑयलरचे सूत्र उपयोगी पडले. शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून पृष्ठांची संख्या मिळवली, तर साध्या ठोकळ्यासाठी 8, 12 आणि 6 यांवरून 2 हे उत्तर मिळते. वर सांगितलेल्या आरपार भोकाच्या ठोकळ्याला 16 पृष्ठे असल्यामुळे तेथे शून्य येते. सिद्धांताच्या दृष्टीने रॉचेस्टरचे काम अधिक देखणे होते, यात शंका नाही; तरीही बाजारात सीमेची नोंद सरस ठरली, कारण माप देण्यासाठी, छायांकित चित्र काढण्यासाठी किंवा मिलिंगच्या हत्याराचा मार्ग आखण्यासाठी शेवटी पृष्ठे आणि कडाच हाताशी लागतात. केंब्रिजच्या या गटातून 1974 साली शेप डेटा ही कंपनी निघाली आणि तिने आधी रोम्युलस व नंतर पॅरासॉलिड ही प्रणाली तयार केली.

इतके होऊनही घडवलेला घन बदलणे जिकिरीचेच होते. सोव्हिएत संघातून अमेरिकेत आलेले गणितज्ञ सॅम्युएल गाइसबर्ग यांनी 1985 साली स्थापन केलेल्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशनच्या प्रो-इंजिनिअर या प्रणालीने ती अडचण दूर केली. तिच्यात आधी सपाट रेखाटन काढून त्यावर बंधने घातली जात, मग ते पुढे खेचून किंवा अक्षाभोवती फिरवून घन केला जाई, आणि प्रत्येक पायरी क्रमाने नोंदलेली राहत असल्यामुळे एक माप बदलले की पुढचा सारा आकार पुन्हा रचला जाई. सदरलँड यांची बंधने अशा रीतीने पंचवीसेक वर्षांनी घनाच्या कामी आली. 1995 साली आलेल्या सॉलिडवर्क्सने हीच रीत विंडोज चालवणाऱ्या साध्या संगणकावर आणली, आणि आज कॅड, म्हणजे संगणकाच्या साह्याने आरेखन, शिकणारा विद्यार्थी पहिल्या तासाला जे रेखाटन खेचून ठोकळा करतो, ते याच परंपरेतले आहे.

सॉलिडवर्क्सची मालकी 1997पासून फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सकडे आहे. सॉलिडवर्क्सच्या आत भूमितीचे गणित करणारे पॅरासॉलिड मात्र आता दासोची प्रतिस्पर्धी असलेल्या जर्मन सीमेन्स कंपनीच्या मालकीचे आहे.