पोलिओ गेला, लकवा राहिला

आपल्या भंडाऱ्यात कुणाला लकवा मारला की घरचे आधी नागपूर गाठतात. जीव वाचला, तरी हात पुन्हा कसा चालवायचा हे शिकवणारा माणूस लागतोच. तो घडतो कुठे? आजची गोष्ट त्याची.

१९५० साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. त्या जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडच्या झालेल्या. १९५२ मध्ये तिथेच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा उघडली. कारण होतं पोलिओ.

आता नीट ऐका. पोलिओ मज्जारज्जूतल्या पेशी मारतो. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही, पाय लुळा पडतो. लकव्यात हुकूम देणारा मेंदूच जखमी असतो आणि हात बहुतेकदा हळूहळू आखडतो. बिघाड वेगळा, म्हणून इलाजही वेगळा. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या जोडप्याने १९४० च्या दशकापासून यासाठी नवी पद्धत घडवली: थेरपिस्टने आपल्या हातांनी रुग्णाच्या हालचालीला वळण लावायचं. हे नुसतं वाचून येत नाही, जाणत्याच्या हाताखाली शिकावं लागतं.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. लकवा आहेच. आज पदवीनंतर न्यूरो फिजिओथेरपीत दोन वर्षांचं एमपीटी करता येतं. पण रुग्णाला सराव रोज लागतो, नि भंडाऱ्याहून नागपूर ६० किलोमीटर. असा शिकलेला थेरपिस्ट तुमसर-लाखांदूरला बसेल, तेव्हाच केईएममधली ती सुरुवात आपल्यापर्यंत पोचली म्हणायची.