वहीच्या मागच्या पानावरचा मोगली

जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली बनवलेली ‘जंगल बुक’ मालिका १९९३ मध्ये हिंदीत दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. रविवारी एकदा दिसलेला मोगली पुन्हा थांबवून बघायची सोय बहुतेक घरांत नव्हती. त्यामुळे मुलं तो आठवेल तसा वहीच्या मागच्या पानावर काढायची. मोगलीचे केस जमायचे, बगीराची मात्र हमखास मांजर व्हायची! पण त्या चुकांमुळेच प्रत्येकाचा मोगली वेगळा होता. आता स्क्रीनशॉट समोर ठेवून काढलेली चित्रं अचूक येतात आणि बरेचदा एकमेकांसारखी दिसतात. जुन्या वह्या बहुतेक रद्दीत गेल्या. एखादं पान उरलेलं असलंच, तर काही जण तेच चित्र आज पुन्हा काढून दोन्हींचा फोटो शेजारी-शेजारी टाकतात.