भिंतीवर कोण?
कॅनव्हासवर छापलेली जुन्या सेनानींची चित्रे हल्ली दिवाणखान्यात टांगली जातात. पण चित्रकारासमोर बसायचा मान कोणाला होता? राजाला, सरदाराला, गोऱ्या साहेबाला. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला लढलेल्या महार शिपायांना तो मान कोणी दिला नाही. विजयस्तंभावर 'नाक' असा शेवट असलेली त्यांची नावे तेवढी कोरली गेली. पुढे १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी मानवंदना दिली ती याच नावांना. म्हणून काल्पनिक चेहरे रंगवून भिंत सजवू नका. ती खरी नावेच कॅनव्हासवर ठळक छापून लावा. पोरं विचारतील, "हे कोण?" तिथूनच इतिहास सुरू होईल. जय भीम!