आद्य मूकपटांची ओबडधोबड गोडी

यवतमाळास १९७३ साली मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी ग. दि. माडगूळकर होते. पटकथा व चित्रगीते लिहिणाऱ्या कवीस सारस्वतांनी तो मान दिला. तेव्हा चित्रपट हा वाङ्मयाचा सोयरा होय, हे आमच्या गावास तरी नव्याने पटवून देणे नको. त्या बळावर आपल्या आद्य चित्रपटांविषयी चार शब्द लिहितो.

‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाचा शिल्लक भाग मी एकदा विद्यार्थ्यांस दाखविला. हौदात जलक्रीडा करणाऱ्या दासी दिसताच वर्गात हशा पिकला. दासी सगळे पुरुष, आणि ओली लुगडी काही पुरुषी खांदे झाकीत नाहीत! तारामती म्हणजे अण्णा साळुंके. त्यांना दादासाहेब फाळक्यांनी एका उपाहारगृहातून शोधून आणले होते, कारण कॅमेऱ्यापुढे उभी राहण्यास स्त्री मिळेना. कॅमेराही जागचा हलत नाही. नाटकगृहात खुर्चीला खिळून बसलेल्या प्रेक्षकासारखा तो सारे पाहतो. हसू मलाही आले, हे कबूल केले पाहिजे.

परंतु हे हसू उपहासाचे नव्हे. पूर्णत्वास गेलेल्या कलेत कारागिराचे श्रम लपून जातात. येथे ते उघडे दिसतात, आणि गोडी आहे ती त्यांतच. फाळके १९१२ साली लंडनहून यंत्रसामग्री घेऊन आले. रोपाच्या वाढीचे चित्रण दाखवून त्यांनी भांडवल मिळविले. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडीत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. अशा घरगुती उद्योगातून सुमारे ३७०० फूट लांबीचा तो चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. पुढे ‘कालियामर्दना’त (१९१९) कथेच्या आरंभीच फाळक्यांची कन्या मंदाकिनी मुखावरील नाना भाव दाखविते आणि मग कृष्ण होते. ‘ही आमची मुलगी, आता हिलाच देव माना,’ असे जणू बाप प्रेक्षकांस सांगतो. इतका भाबडा प्रामाणिकपणा पुढील सफाईदार चित्रपटांत क्वचितच आढळतो.

आता खेदाची गोष्ट. या देशात हजारांवर मूकपट निघाले; त्यांतले अगदी थोडे उरले. ती फिल्म चटकन पेट घेई, कुजे, आणि तिच्यातील चांदीसाठी वितळविलीही जाई. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर पुष्कळ गेले होते. सत्यवचनी हरिश्चंद्राची जी रिळे आपण पाहतो, ती मूळची की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेली, याविषयीही अभ्यासकांत वाद आहे.

पण मला चुटपुट लागते ती बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाशा’ची (१९२५). कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीमजूर झालेल्या शेतकऱ्याची ती कथा. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. तो मूकपट आज उपलब्ध नाही. कापसाच्या आणि कर्जाच्या या जिल्ह्यात, जेथे किती तरी घरांनी त्या पाशात कर्ता पुरुष गमावला, तो चित्रपट वर्गात दाखविता आला असता तर कोणी हसले नसते, असे मला वाटते. ओबडधोबड म्हणून ज्यांची हेळसांड झाली, त्यांत आपलाच आरसा होता. आणि तो फुटल्यावर आपण त्याची किंमत करीत बसलो आहोत.