मुरळीची वाट

वेश्यावस्तीचा विषय निघाला कीं सभ्य घरांत आवाज खालीं येतो. आणि बोलणें झालेंच, तर तें बहुधा त्या स्त्रीच्या चारित्र्याविषयीं होतें. ती तेथवर कोणत्या वयांत व कोणाच्या हातून पोंचली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मुरळी आणि जोगतीण यांचा इतिहास पाहिला, म्हणजे मात्र हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

जेजुरीच्या खंडोबास वाहिलेली मुलगी ती मुरळी. सौंदत्तीच्या यल्लम्मेस वाहिलेली ती जोगतीण. वाहण्याचीं निमित्तें तपासलीं, तर त्यांत मुलीची इच्छा कोठेंच आढळत नाहीं. मूल होत नाहीं म्हणून आईबापांनीं नवस बोलावा. घरांत दुखणें आलें कीं देवीचा कोप मानावा. पोरीच्या केसांत जट दिसली कीं तें देवीचें बोलावणें समजावें. ज्या घरीं मुलगा नाहीं, तेथें जोगतीण झालेली लेकच म्हातारपणची काठी ठरे. देवाशीं लग्न लागलेल्या मुलीस मनुष्याशीं संसार करण्यास रूढीची मनाई असे. कित्येकींनीं जागरणांत गाऊन पोट भरलें. परंतु जिच्यापाशीं जमीन नाहीं, नवरा नाहीं, आणि जातीमुळें जिला कोणी घरकामासही उभी करीत नाहीं, अशा कितीतरी मुली शेवटीं मुंबईच्या कामाठीपुऱ्यांत पोंचल्या. दलालाचें निम्मे काम गांवांतच झालेलें असे.

अल्पवयीन मुलींच्या असल्या खरेदीविक्रीस १८६० च्या पीनल कोडानेंच शिक्षा सांगितली होती. तरी चाल थांबली नाहीं; कारण विकणारा तेथें बाप होता, आणि त्यास आपण विकतों असें वाटतच नव्हतें. पुण्यास शिवराम जानबा कांबळे यांनीं १९०८ मध्यें 'सोमवंशीय मित्र' काढून मुरळीचा प्रश्न समाजापुढें मांडला. १९३४ च्या मुंबई इलाख्यांतील कायद्यानें मुली वाहणें बेकायदेशीर ठरविलें आणि देवदासीचा विवाह वैध केला. १६ जून १९३६ रोजीं परळच्या दामोदर हॉलमध्यें डॉ. आंबेडकरांनीं कामाठीपुऱ्यांतील स्त्रियांस तें जीवन सोडण्याचें आवाहन केलें. मग पोट कसें भरावें, हा त्यांच्या मनांतील सवालही त्यांनींच बोलून दाखविला. आमच्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म तेथेंच आहे.

२००५ मध्यें महाराष्ट्रास पुन्हां निर्मूलनाचा कायदा करावा लागला, यावरूनच रोगाचें मूळ किती खोल होतें तें कळावें. आज नवसाची जागा कर्ज घेतें, जटेची जागा शहरांतील नोकरीचें आमिष घेतें. शाळा सुटलेली, घरांत मार खाणारी वा निराधार पोर, मुलगी असो कीं मुलगा, पूर्वीसारखीच हेरली जाते. अठरा वर्षांखालील मुलाच्या संमतीस २०१२ च्या कायद्यानें कांहींच किंमत ठेविलेली नाहीं, हें योग्यच झालें. परंतु कायदा गुन्हा घडल्यावर येतो. शाळा, शेजार आणि चार पैशांचा आधार हीं आधीं पोंचूं शकतात. ज्या मुलीस निवड करण्याची संधि कधीं मिळालीच नाहीं, तिच्या निवडीचा न्याय करीत बसणें आम्हांस शोभत नाहीं.